होम प्लेटच्या टोकापासून ४६ फूट

"नाचता येईना, अंगण वाकडं." ही म्हण मी लेकाला ८ जून २०२४ ला, शनिवारी, गाडीत ऐकवली. वर अर्थही समजावून सांगितला.

लेक अकरा वर्षांचा. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि तो इथल्या लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. त्या दिवशी तो पिचिंगला, म्हणजे बॉल टाकायला होता आणि त्याचे निम्मे बॉल होम प्लेटच्या (बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) आधीच मातीत आपटत होते. घरी जाताना तोंड पाडून म्हणाला, "आई, ह्याच मैदानावर असं होतं. शाळेमागच्या मैदानावर नाही होत." म्हणून ती म्हण.

माझे बाबा तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. आयुष्यभर बांधकामावर मिस्त्री म्हणून काम केलेला माणूस. मागच्या सीटवरून ते म्हणाले, "अगं, पोरगं म्हणतंय तर टेप लावून बघू की. टेपला काय पैसे पडतात?"

रविवारी संध्याकाळी आम्ही १०० फुटी टेप घेऊन गेलो. पिचरच्या जागेपासून होम प्लेटपर्यंत अंतर हवं होतं ४६ फूट. भरलं ४७ फूट ४ इंच. अंगण खरंच वाकडं होतं.

बेसबॉलशी फारसा संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. पिचर मातीच्या एका उंचवट्यावरून बॉल टाकतो, त्याला माउंड म्हणतात. त्या माउंडवर पांढऱ्या रबराची पट्टी रोवलेली असते, तिचं नाव पिचिंग रबर. (पहिल्या वर्षी कोच "रबर, रबर" करायचे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर खोडरबर यायचं.) आपल्या बोलरला क्रीजच्या मागून कितीही लांबून पळत येता येतं. इथे तसं नाही, पाय त्या पट्टीला टेकलेलाच हवा. त्यामुळे पट्टी जिथे, तिथेच पिचर. मोठ्यांच्या खेळात ती २४ बाय ६ इंचांची असते आणि अंतर साठ फूट सहा इंच. हे अंतर १८९३ पासून तेच आहे. माउंडची उंची मात्र बदलली. १९६८ साली पिचरांनी बॅटरना इतकं जेरीस आणलं की पुढच्या वर्षी ती १५ इंचांवरून १० वर आणली. लेकाच्या वयोगटात पट्टी १८ बाय ४ इंचांची, अंतर ४६ फूट आणि रबराची उंची होम प्लेटपेक्षा ६ इंच जास्त.

आता ते ४६ फूट कुठून कुठे मोजायचे? होम प्लेट पंचकोनी असते, लहान मुलांच्या चित्रातल्या घरासारखी. घराचं टोक कॅचरकडे (म्हणजे बॅटरमागे बसणारा, आपला विकेटकीपर), तळाची सरळ बाजू पिचरकडे. टोकापासून त्या सरळ कडेपर्यंत १७ इंच. माप सुरू होतं टोकापासून आणि संपतं रबराच्या पुढच्या कडेला. आमच्याकडे कुणीतरी कधीतरी प्लेटच्या पुढच्या कडेला टेप धरून ४६ फूट मोजले होते, आणि मग वर्षानुवर्षं मुलं सव्वा फूट जास्त लांबून बॉल टाकत होती. अकरा वर्षांच्या खांद्याला सव्वा फूट म्हणजे कमी नाही. नुसतं लांबच नव्हे, रबर तिरकंही होतं. प्लेटच्या टोकापासून त्याच्या दोन्ही पुढच्या कोपऱ्यांपर्यंत मापं घेतली तर एक इंचाचा फरक. पट्टी १८ इंचांची, म्हणजे ती जवळजवळ तीन अंशांनी पहिल्या बेसकडे वळलेली होती. (होम प्लेट आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस हे मैदानातल्या चौकोनाचे चार कोपरे.)

११ जूनला मी लीगच्या मैदान-प्रमुखांना फोटोंसकट ईमेल केली. त्यांचं उत्तर तासाभरात आलं: बरोबर आहे, करायला माणूस नाही, तुम्ही करता का? तर सूचना पहिली. तक्रार करताना "काम मी करीन" हे मनात ठरवूनच करा, नाहीतर करू नका.

मैदान लीगचं नाही, गावाचं आहे. त्यामुळे परवानगी रिक्रिएशन विभागाची. १८ जूनला अर्ज दिला. सोबत लीगच्या विम्याचं प्रमाणपत्र, कामाचा हाताने काढलेला नकाशा आणि काम करणाऱ्यांची नावं. माझी पार्श्वभूमी-तपासणी लीगच्या स्वयंसेवक म्हणून दरवर्षी होतेच. बाबांचा प्रश्न आला, कारण फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबरचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचा रकाना होता आणि पाहुण्या माणसाकडे तो कुठून असणार? तीन फोन झाले. शेवटी मुलांचे कार्यक्रम नसलेल्या दिवशी, हमीपत्रावर सही करून, ते "पाहुणे" म्हणून मैदानावर येऊ शकतात असं ठरलं. बाबांना गंमत वाटली. "हमीपत्र? खड्डा खणायला?"

मग दोन आठवडे शांतता. २ जुलैला मी फोन केला तेव्हा कळलं की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलाच नव्हता. कुणाचा दोष असं नाही, सुट्ट्यांचे दिवस. पण दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, माझ्यासारखी वाट बघत बसू नका. ९ जुलैला परवानगी मिळाली. काम २७ आणि २८ जुलै, शनिवार-रविवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. काम झाल्यावर टेप लावलेला फोटो पाठवायचा. ही शेवटची अट मला फार आवडली.

अमेरिकेत कुठेही खणण्याआधी जमिनीखालच्या नळ्या-तारांच्या खुणा करून घ्यायला ८११ वर फोन करायचा असतो, फावड्याने खणायचं असलं तरी. फुकट असतो. न्यू जर्सीत किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, म्हणून मी सोमवारी, २२ जुलैला केला. गुरुवारपर्यंत रस्त्याकडेला खुणा आल्या होत्या. पिवळे झेंडे गॅसचे, निळे पाण्याचे, नारिंगी टेलिफोन-केबलचे. माउंडजवळ एकही नव्हता आणि मी निश्चिंत झाले. ती चूक होती. ८११ वाले मैदानाच्या स्वतःच्या स्प्रिंकलरच्या नळ्या दाखवत नाहीत. गावाच्या मैदान-कर्मचाऱ्याने सहज बोलता बोलता माउंडच्या मागे गवतात लपलेलं एक हिरवं झाकण दाखवलं. खाली पाण्याचा व्हॉल्व्ह. माती भिजवायला आम्हाला तोच उपयोगी पडला, पण त्याने सांगितलं नसतं तर माझी एक खुंटी बरोबर त्याच्या नळीत गेली असती.

खरेदीत रबर निवडताना दोन प्रकार समोर होते. एक पातळ, खिळ्यांनी मातीत ठोकायचं. स्वस्त, पण आमचं जुनं तसलंच होतं आणि त्याच्या पुढच्या कडेखाली मुलांच्या बुटांनी बीळ केलं होतं. दुसरं चौकोनी ठोकळ्यासारखं, चारही बाजूंनी वापरता येणारं. एक बाजू झिजली की उपटून फिरवायचं. आम्ही दुसरं घेतलं, ११८ डॉलरला. माउंडची माती वेगळी विकत मिळते, तिच्यात चिकणमाती जास्त असते. ५० पौंडांच्या २२ पिशव्या, १४ डॉलरला एक, म्हणजे ३०८. पोचवायचे ६५. माती चोपायचं धुम्मस ४२. दोरी आणि खुंट्या ११. लेव्हलसाठी ६० फूट पारदर्शक नळी २४. बेरीज ५६८ आणि त्यावर विक्रीकर ३७ डॉलर ६३ सेंट. हा कर टाळता आला असता. लीगसारख्या संस्थेला एसटी-५ नावाच्या प्रमाणपत्रावर कर माफ असतो, पण पैसे संस्थेच्या खात्यातून जायला हवेत. मी उत्साहाने माझं कार्ड पुढे केलं. नंतर लीगने ५६८ परत दिले, कर माझ्या अंगावर.

२७ जुलै. सकाळी साडेसातला बाबा टोपी घालून गाडीपाशी उभे.

मी घरून शिकून गेले होते की होम प्लेटच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत दोरी ताणायची आणि रबराचा मध्य त्या दोरीखाली आणायचा. पहिला तास त्यात गेला. मग बाबांनी विचारलं, "दुसरा बेस बरोबर आहे हे कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत ८४ फूट सव्वादहा इंच भरायला हवेत. तेवढे जवळपास भरत होते, पण पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडून मोजल्यावर कळलं की बेसचा सांगाडा दोन इंच पहिल्या बेसच्या बाजूला सरकलेला आहे. त्याच्या भरवशावर दोरी धरली असती तर रबर इंचभर बाजूला बसलं असतं.

मग बाबांची पद्धत. दोन्ही फाउल लाइनींवर (होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेषांवर) टोकापासून बरोबर ६० फुटांवर, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्यांत, खुंट्या. त्या दोघींमध्ये दोरी. सोडून ती दोरी अर्ध्यात दुमडली, मध्यावर काळ्या पेनाने खूण केली आणि परत ताणली. "मध्य मोजायचा नसतो, दुमडायचा असतो," बाबा म्हणाले. पडताळा म्हणून मी टेप लावलीच. टोकापासून ती खूण ४२ फूट ५ इंच १ सुतावर यायला हवी होती आणि आली. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इथल्या टेपवर ते आयतंच छापलेलं असतं हे पाहून बाबा खूश.) आता टोकापासून या खुणेवरून जाणारी दोरी म्हणजे मैदानाची खरी मध्यरेषा. तिची मागची खुंटी माउंडच्या बाहेर, गवतात ठोकली, म्हणजे खणताना हलायला नको. दोरी हवी तेव्हा बांधायची, नको तेव्हा सोडायची.

जुनं रबर निघायला दहा मिनिटं लागली. खिळे वाकून केसांच्या पिनांसारखे झाले होते. खालची माती इतकी भुसभुशीत की हाताने उकरता येत होती. रबराच्या जागेपासून पुढे मुलांचा पाय पडतो तिथपर्यंत, साधारण पाच बाय सहा फुटांचा पट्टा, चार इंच खोल काढला. उन्हं वर आली होती, अकरापर्यंत मी दोन बाटल्या पाणी संपवलं. छत्री न्या. मैदानावर झाड नसतं, ही गोष्ट मॅच बघताना लक्षात येत नाही.

उंचीने आमची दुपार खाल्ली. लेझर लेव्हल उसनी मिळत होती, पण बाबांचा विश्वास पाण्याच्या नळीवर. नळीचं एक टोक होम प्लेटपाशी मी धरायचं, दुसरं माउंडवर ते. पहिलं माप आलं साडेसात इंच, दुसरं पाच. मी चिडले, बाबा गप्प. मग त्यांनी नळी सूर्याकडे धरून इंचाइंचाने पाहिली. मधे कुठेतरी मुगाएवढा बुडबुडा अडकला होता. नळी झटकून, परत पाणी भरून, तिसऱ्यांदा माप घेतलं. शून्य कुठे धरायचं तेही इथे नीट ठरवा. होम प्लेटचा वरचा पृष्ठभाग म्हणजे शून्य. माउंडशेजारचं गवत नव्हे. आमच्याकडे गवत प्लेटपेक्षा दोन इंच उंच आहे, तिथून मोजलं असतं तर रबर आठ इंचांवर गेलं असतं.

तळ चोपून कडक केला, रबर ठेवलं, मध्याची खूण (कडेपासून ९ इंच) दोरीखाली आणली. पुढची कडा टोकापासून ४६ फूट. डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन्ही सारखे. लांबीत लेव्हल, रुंदीत लेव्हल. बाबा म्हणाले, "गुण्यात आहे," म्हणजे काटकोनात. मी फोटो काढला. पाच वाजले होते. बाबांनी धुम्मस उचललं आणि पुढच्या बाजूला माती भरून जोरात चोपायला सुरुवात केली.

पाच मिनिटांनी मी सहज टेप लावली. डावा कोपरा ४६ फूट १ सूत, उजवा ४६ फूट अर्धा इंच. पुढून पडलेल्या मारामुळे रबर मागे सरकलं होतं आणि सरकताना वळलंही होतं.

"बाबा, हललंय."

"किती?"

"उजवीकडे चार सूत."

"चार सूत काय, चालेल..." म्हणाले आणि मधेच थांबले. मग स्वतःच फावडं घेतलं. "काढ. आत्ता चालेल म्हटलं तर पुढच्या माणसालापण चालेल."

साडेपाच झाले होते आणि सहाला निघायचं होतं. सगळं उकरलं, ताडपत्री टाकली आणि घरी आलो. त्या रात्री दोघंही फारसं बोललो नाही. मला वाटत होतं, एका पट्टीसाठी ७१ वर्षांच्या माणसाला उन्हात का उभं केलं.

२८ जुलैला हीच गोष्ट उलट्या क्रमाने केली आणि तीच पद्धत मी सगळ्यांना सांगेन. आधी मागच्या बाजूला माती, इंचभर. हलकं चोपायचं. मग पुढे इंचभर. मग दोन्ही टोकांना. एक माणूस रबरावर उभा, दुसरा चोपतोय. प्रत्येक थरानंतर दोन्ही कोपऱ्यांची मापं. कंटाळा येतो, येऊ द्या. थर टाकण्याआधी खालचा थर दाताळ्याने खरवडायचा आणि पाण्याचा हबका मारायचा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत, पापुद्रे सुटतात. ओल किती? मूठ वळली तर लाडू व्हावा, पण हाताला चिकटू नये. धुम्मसाला माती चिकटत होती, म्हणून त्याला जुना टॉवेल गुंडाळला. हेही बाबांचंच. ओल जास्त झाली की माती धुम्मसाखाली जेलीसारखी थुलथुलते. तसं झालं तर थांबा, अर्धा तास वाळू द्या.

रबराच्या पुढे सहा इंच सपाट ठेवून तिथून उतार सुरू केला, फुटाला एक इंच. हा तपासायला सहा फुटी सरळ फळीच्या एका टोकाखाली सहा इंचांचा ठोकळा स्क्रूने बसवला. ठोकळ्याचं टोक उताराच्या खाली, दुसरं टोक वर. फळीवर लेव्हल ठेवायची. बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. मध्ये पोट किंवा खळगा असेल तर फळी ठेवूनच दिसतो.

दुपारी चारला शेवटची मापं घेतली. ४६ फूट, ४६ फूट. उंची ६ इंचांना एक सूत जास्त, माती बसेल म्हणून मुद्दाम. टेप लावलेला फोटो काढून रिक्रिएशन विभागाला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्यात फक्त वर केलेल्या अंगठ्याचं चित्र होतं.

पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी पाणी शिंपडून ताडपत्री. ही चिकणमाती एकदा पूर्ण वाळली की भेगा पडतात आणि त्या भरून येत नाहीत. एक दिवस आम्ही कंटाळा केला, तर ताडपत्रीची एक कडा वाऱ्याने उडाली होती आणि तेवढ्याच भागात बोट जाईल एवढी चीर. ३ ऑगस्टला परत मोजलं. अंतर जागच्या जागी, उंची बरोबर ६ इंच. २४ ऑगस्टला बाबा परत गेले. ३० ला लीगचा चेक आला. दुसरा बेस सरळ करायचा वेगळा अर्ज दिला आहे, तो अजून कुठल्या तरी टेबलावर आहे.

७ सप्टेंबरला फॉल सीझनची पहिली मॅच. लेक माउंडवर गेला, बुटाने रबर झाडलं आणि पहिला बॉल बॅटरच्या डोक्यावरून थेट जाळीवर. दुसराही. इनिंग संपल्यावर माझ्याकडे आला. "आई, रबर पुढे आणलंस ना, आता सगळे बॉल वर जातायत."

रात्री बाबांचा फोन आला. साताऱ्यात सकाळ होती.

"हललं का?"

"मॅचनंतर मोजलं. डावीकडे एक सूत मागे."

"एक सूत?" थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. "मागच्या बाजूचा शेवटचा थर कुणी चोपला होता?"

"मी, बाबा."

"वाटलंच मला."